रसायनशास्त्रात पदव्युत्तर पदवी घ्यावी का, कोणत्या शाखेत आणि कशासाठी

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: पदवीचे शेवटचे वर्ष सुरू आहे, सेंद्रिय रसायनशास्त्र मनापासून आवडते, भौतिक रसायनशास्त्रात गुण जेमतेम आहेत, अशा स्थितीत रसायनशास्त्रातच पदव्युत्तर पदवी घ्यावी का, घ्यायची तर कोणत्या शाखेत, आणि पुढे संशोधन की नोकरी हे प्रवेशापूर्वीच ठरवावे लागते का. मी काही वर्षे औषधनिर्मितीतील विश्लेषण प्रयोगशाळेत काम केले आणि नंतरची बरीच वर्षे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवण्यात व त्यांच्या प्रबंधांना मार्गदर्शन करण्यात घालवली. पुढील उत्तर त्या अनुभवावर बेतलेले आहे आणि त्यात माझे काही पूर्वग्रहही असणार, हे आधीच सांगतो.

पदवीच्या प्रयोगशाळेत प्रत्येक प्रयोगाचे उत्तर कोणाला तरी आधीच ठाऊक असते. क्षारातील आयन कोणते, तयार झालेल्या पदार्थाचा द्रवणांक किती, अनुमापनात किती मिलिलिटर लागले पाहिजेत, हे सारे शिक्षकांच्या वहीत लिहिलेले असते आणि विद्यार्थ्याचे काम त्या उत्तरापर्यंत पोहोचणे एवढेच असते. पदव्युत्तर अभ्यासक्रमातही पहिल्या काही महिन्यांत असे प्रयोग असतात. परंतु प्रबंधाचे काम सुरू झाले की ते वहीतले उत्तर नाहीसे होते. फ्लास्कमध्ये जे तयार झाले ते तुम्हाला हवे होते तेच आहे काय, हे तुमच्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. माझ्या मते या शिक्षणाचे खरे प्रयोजन इथेच आहे. अधिक अभिक्रिया पाठ होणे हा त्याचा दुय्यम लाभ असून एखादे विधान कोणत्या पुराव्यावर मान्य करायचे आणि कोणत्या पुराव्यावर करायचे नाही, हे स्वतःच्या जबाबदारीवर ठरवता येणे हा मुख्य लाभ आहे.

एक लहानसे उदाहरण देतो. एक विद्यार्थी आपल्या नव्या संयुगाचा प्रोटॉन एनएमआर वर्णपट (रेणूतील हायड्रोजन अणूंची मांडणी सुचवणारा आलेख) घेऊन मोठ्या उत्साहाने आला. त्यात १.२६ पीपीएमवर (संकेताचे स्थान मोजण्याचे एकक) त्रिक म्हणजे तीन शिखरांचा, २.०५ वर एकेरी आणि ४.१२ वर चतुष्क म्हणजे चार शिखरांचा असे तीन ठळक संकेत होते आणि त्याने त्यांची आपल्या रेणूतील एस्टर गटाशी सुबक सांगड घातली होती. प्रत्यक्षात ते संकेत इथिल ॲसिटेटचे होते. मिश्रणातील घटक वेगळे करणाऱ्या कॉलमसाठी वापरलेला द्रावक नीट उडवला गेला नव्हता. ड्यूटरित क्लोरोफॉर्म या एनएमआरच्या नेहमीच्या द्रावकात वर्णपट घेणाऱ्या बहुतेक प्रत्येकाला हे तीन आकडे कधी ना कधी असेच भेटतात. चूक क्षुल्लक होती आणि पंपाखाली नमुना आणखी काही तास ठेवल्यावर ती दूरही झाली. परंतु जे पाहायचे आहे तेच दिसू लागते, ही खोड मात्र इतक्या सहजी जात नाही, आणि ती मोडण्यासाठी दोन वर्षे फार नाहीत.

याच्या उलट बाजूचे उदाहरण इतिहासात आहे. हवेतून मिळवलेला नायट्रोजन आणि अमोनियासारख्या संयुगांपासून मिळवलेला नायट्रोजन यांच्या घनतेत सुमारे अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो, असे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांना आढळले. अर्धा टक्का म्हणजे प्रयोगातील त्रुटी, असे म्हणून पुढे जाणे सहज शक्य होते. रेली यांनी तो फरक सोडला नाही, विल्यम रॅम्से यांच्यासह त्याचा पाठपुरावा केला आणि १८९४ मध्ये आर्गॉन जगासमोर आला. हवेत जवळजवळ एक टक्का असलेला हा वायू तोवर कोणाच्याही ध्यानात आला नव्हता. तुमच्या प्रबंधातून नवे मूलद्रव्य निघणार नाही. पण न जुळणारा आकडा खोडायचा की त्याच्या मागे लागायचे, हा प्रश्न तुम्हालाही दर आठवड्याला पडेल.

आता शाखेविषयी. विद्यार्थी बहुधा पुस्तकात जे आवडले ते निवडतात, आणि इथेच घोडे पेंड खाते. पुस्तकातील सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे वक्र बाणांनी दाखवलेल्या सुंदर यंत्रणा, म्हणजे अभिक्रिया पायरीपायरीने कशी घडते याची चित्रे. प्रयोगशाळेतील सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे द्रावक कोरडे करणे, टीएलसीच्या (मिश्रणातील घटक ठिपक्यांच्या रूपात वेगळे दाखवणाऱ्या) पट्ट्या पाहत बसणे, रात्री उशिरापर्यंत कॉलम चालवणे आणि सकाळी दोन ठिपके अजूनही एकत्रच उतरत आहेत हे पाहणे. दहा पायऱ्यांच्या संश्लेषणात प्रत्येक पायरीला ८० टक्के यील्ड (अपेक्षित उत्पादनापैकी प्रत्यक्ष हाती आलेला वाटा) मिळाले, जे मुळीच वाईट नाही, तरी शेवटी हातात जेमतेम ११ टक्के उरतात. म्हणून सुरुवातीला ग्रॅममध्ये असलेला पदार्थ शेवटी मिलिग्रॅममध्ये येतो आणि त्यातला थोडासा सांडला तरी महिन्याचे काम वाया जाते. हे ऐकून ज्याला धास्ती न वाटता उलट हात शिवशिवतात, त्याने खुशाल संश्लेषणाकडे जावे. यंत्रणा समजून घेण्यात ज्याला रस आहे पण कॉलमचा कंटाळा आहे, त्याच्यासाठी भौतिक-सेंद्रिय रसायन किंवा संगणकीय रसायन हे अधिक जवळचे घर ठरू शकते, आणि पदवीच्या पातळीवर ही वाट बहुतेकांना दाखवलीच जात नाही.

तुम्हाला सेंद्रिय आवडते आणि भौतिक जड जाते, म्हणून सेंद्रिय शाखा घेतली की भौतिकपासून सुटका होईल, अशी अपेक्षा तुमच्या प्रश्नात थोडीशी डोकावते. तसे होत नाही. व्हिटॅमिन बी-१२ च्या संश्लेषणाच्या कामात रॉबर्ट वुडवर्ड यांना काही वलय-निर्मिती अभिक्रिया अपेक्षेच्या नेमक्या उलट त्रिमितीय रचना देताना दिसल्या. त्या कोड्याचे उत्तर रोआल्ड हॉफमन यांच्यासह रेणुकक्षांच्या सममितीत सापडले आणि १९६५ मध्ये त्यांनी त्याविषयीचे नियम मांडले. विसाव्या शतकातील सर्वांत कुशल संश्लेषकाला आपल्याच फ्लास्कचे स्पष्टीकरण क्वांटम रसायनातून घ्यावे लागले. एनएमआरमधील संकेतांचे विभाजन, अभिक्रियेचा वेग तापमानाने किती बदलेल याचा अंदाज, दोन उत्पादनांपैकी कोणते लवकर बनते आणि कोणते अधिक स्थिर असते यातील फरक, हे सगळे भौतिक रसायनच आहे. फक्त ते सेंद्रिय प्रयोगशाळेत कोट घालून वावरते.

भौतिक रसायनातील कमी गुणांचे कारण बहुतेक वेळा रसायन नसून गणित असते, आणि ते गणितही फारसे अवघड नसते. आंशिक अवकलन, साधी अवकल समीकरणे, आव्यूह (मॅट्रिक्स) आणि त्यांची लाक्षणिक मूल्ये (आयगेनव्हॅल्यू) एवढ्यावर दोन-तीन महिने शांतपणे काम केले तर पदव्युत्तर वर्गातील निम्मी भीती जाते. यासाठी मी विद्यार्थ्यांना एकच उदाहरण आरंभापासून अखेरपर्यंत स्वतः सोडवायला सांगतो: बेंझिनची हकेल पद्धत, म्हणजे रेणूतील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या सोप्या गणिताने काढण्याची रीत. सहा कार्बनचा आव्यूह स्वतः मांडावा, त्याची मूल्ये काढावीत. α + २β, मग दोनदा α + β, दोनदा α − β आणि शेवटी α − २β अशा पातळ्या हाती येतात (α ही एकट्या कार्बनच्या कक्षेची ऊर्जा, β ही शेजारच्या कार्बनशी होणाऱ्या परस्परक्रियेची). खालच्या तीन पातळ्यांत सहा इलेक्ट्रॉन भरले की बेरीज ६α + ८β होते. तीन सुट्या इथिलीनची बेरीज ६α + ६β आहे. मधला २β चा फरक म्हणजे जिला आपण वर्षानुवर्षे ॲरोमॅटिक स्थैर्य म्हणून घोकतो ती गोष्ट, आणि ती वहीच्या एका पानावर स्वतःच्या हाताने निघते. ज्या दिवशी हे पान मनासारखे उतरते, त्या दिवसानंतर विद्यार्थी भौतिकाच्या तासाला वेगळ्या चेहऱ्याने बसतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

असेंद्रिय शाखेवर पदवीच्या अभ्यासक्रमात अन्याय होतो. आवर्तसारणीतील गट एकामागून एक पाठ करण्याचा विषय अशी तिची ओळख होऊन बसते. प्रत्यक्षात ती अत्यंत तर्कशुद्ध आणि धाडसी शाखा आहे. नील बार्टलेट यांना प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड ऑक्सिजनच्या रेणूचेही ऑक्सिडीकरण करते असे दिसले. ऑक्सिजन रेणू आणि झेनॉन यांची आयनीकरण ऊर्जा (इलेक्ट्रॉन काढून घ्यायला लागणारी ऊर्जा) जवळजवळ सारखीच, सुमारे १२.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आहे हे त्यांच्या ध्यानात आले. आणि १९६२ मध्ये त्यांनी झेनॉनवर तोच प्रयोग करून ‘निष्क्रिय’ वायूचे पहिले संयुग मिळवले. तक्त्यातील दोन आकडे शेजारी ठेवून पाहणे एवढीच त्यामागची युक्ती होती. याच शाखेत गटसिद्धांत (सममितीचे गणित) नावाचा, पहिल्या भेटीत कोरडा वाटणारा विषय शिकावा लागतो. तीन कार्बोनिल आणि तीन समान लिगँड (मधल्या धातूला जोडलेले गट) असलेल्या अष्टफलकी संकुलाचे फॅक आणि मेर असे दोन समघटक, म्हणजे त्याच गटांच्या दोन वेगळ्या मांडण्या, असतात. पहिल्याच्या अवरक्त वर्णपटात कार्बोनिल ताणाच्या दोन आणि दुसऱ्याच्या तीन पट्ट्या अपेक्षित असतात, हे सममितीवरून आधीच सांगता येते. स्फटिक न मिळालेल्या संयुगाची रचना अशी केवळ पट्ट्या मोजून ओळखली की त्या कोरड्या तक्त्यांविषयी तक्रार उरत नाही.

वैश्लेषिक रसायन ही माझी पहिली नोकरी, म्हणून तिच्याबाबत मी थोडा पक्षपाती आहे. तिला कमी बुद्धीचे काम समजण्याची पद्धत चुकीची आहे. एचपीएलसीवर (द्रावणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) अशुद्धी मोजणे वरकरणी यांत्रिक दिसते. पण अशुद्धी आहे असे म्हणण्यासाठी संकेत पार्श्वभूमीच्या गोंगाटाच्या साधारण तिप्पट हवा आणि ती किती आहे असे म्हणण्यासाठी साधारण दहापट हवा, हा नियम लागू करताना माणसाला आपण काय जाणतो आणि काय जाणत नाही याची रेषा रोज आखावी लागते. शिवाय पद्धतीची वैधता तपासणे, उपकरणाचे अंशांकन आणि नोंदींची शिस्त हे कौशल्य औषधे, अन्न, पर्यावरण, रंग, पॉलिमर अशा जवळजवळ प्रत्येक क्षेत्रात उपयोगी पडते. पदव्युत्तर पदवीवरच थांबून नोकरी करायची असेल, तर या शाखेचा विचार टाळू नये.

बाकी शाखांच्या भिंती आता फार उंच राहिलेल्या नाहीत. २०२२ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार क्लिक रसायन (रेणू झटपट व खात्रीने जोडणाऱ्या अभिक्रिया) आणि जैव-ऑर्थोगोनल रसायनासाठी (सजीवांतील इतर क्रियांना बाधा न आणणाऱ्या अभिक्रिया), तर २०२५ चा धातु-सेंद्रिय जाळीदार रचनांसाठी देण्यात आला. यांतील एक काम सेंद्रिय रसायन आणि जीवशास्त्र यांच्या सीमेवर, तर दुसरे असेंद्रिय, सेंद्रिय आणि पदार्थविज्ञान यांच्या तिठ्यावर उभे आहे. तेव्हा शाखा निवडताना तिच्या नावाला फार चिकटू नये; रोजच्या दिवसातील आठ तास तुम्ही काय करताना कंटाळणार नाही, हा अधिक प्रामाणिक निकष आहे.

अभ्यासक्रमाच्या स्वरूपाकडे मात्र नावापेक्षा बारकाईने पाहावे. काही ठिकाणी पदव्युत्तर पदवी जवळजवळ पूर्णपणे वर्गातील विषय व लेखी परीक्षांवर मिळते आणि प्रकल्प शेवटच्या सत्रात उरकला जातो. काही ठिकाणी सहा महिने ते वर्षभर पूर्णवेळ प्रबंध असतो. युरोपातील बहुतांश देशांत साधारण दोन वर्षांची, १२० श्रेयांकांची (क्रेडिट्सची) रचना आहे. ब्रिटनमध्ये पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण एकत्र करणारा चार वर्षांचा अभ्यासक्रमही चालतो. अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांत पदवीनंतर थेट पीएचडीला प्रवेश मिळतो, तिथे शुल्कमाफी आणि विद्यावेतन पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी असते आणि स्वतंत्र पदव्युत्तर पदवीचा खर्च बहुधा स्वतः उचलावा लागतो. संशोधनाविषयी तुमच्या मनात थोडीही शक्यता असेल, तर लांब प्रबंधाचा अभ्यासक्रम निवडावा, मग त्या संस्थेचे नाव थोडे कमी गाजलेले असले तरी चालेल. परीक्षेतील टक्के पुढच्या माणसाला तुमची स्मरणशक्ती सांगतात. वर्षभराचा प्रबंध आणि मार्गदर्शकाचे पत्र त्याला तुमचा स्वभाव सांगते.

मार्गदर्शक निवडणे हा या दोन वर्षांतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय असतो आणि तो सर्वांत कमी चौकशी करून घेतला जातो. शोधनिबंधांची संख्या पाहून भारावून जाण्यापूर्वी त्या गटातील चालू आणि बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांशी बोलावे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न मिळतो की तो वरिष्ठ संशोधकाची भांडी धुण्यात व प्रारंभिक द्रव्ये तयार करण्यात वर्ष घालवतो? एनएमआर आणि वस्तुमान वर्णपटमापक विद्यार्थी स्वतः चालवतात की नमुना खिडकीतून देऊन परत फक्त कागद मिळतो? गटाची बैठक नियमित होते का आणि तिथे फसलेला प्रयोग मांडता येतो का, हे तीन प्रश्न मी आवर्जून विचारायला सांगेन. शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. मी स्वतः विद्यार्थी असताना ज्या गटात होतो, तिथे फसलेले प्रयोग बैठकीत सांगण्याची सोय नव्हती; परिणामी मी तीन महिने जी अभिक्रिया करत राहिलो, ती माझ्या आधी दोघांनी करून सोडून दिली होती, हे मला प्रबंध लिहिताना कळले.

हे टाळण्याचा उपाय नोंदवहीत आहे. प्रत्येक प्रयोगाची तारीख, अभिकर्मकाची बाटली व तिचा बॅच क्रमांक, प्रत्यक्ष घेतलेले वजन, रंग कधी बदलला, ढवळणी मध्येच थांबली होती का, हे घडत असतानाच लिहावे. संध्याकाळी आठवून लिहिलेली नोंद ही नोंद नसून कथा असते. छापील पद्धतींवरही डोळे झाकून विसंबू नये. ‘ऑर्गॅनिक सिंथेसेस’ हे १९२१ पासून निघणारे प्रकाशन प्रत्येक पद्धत छापण्यापूर्वी दुसऱ्या प्रयोगशाळेत करून पाहते. इतर बहुतेक नियतकालिकांत अशी फेरतपासणी होत नाही. त्यामुळे एखाद्या निबंधातील ९५ टक्के यील्ड तुम्हाला ४० टक्क्यांवर मिळाले, तर लगेच स्वतःला दोष देऊ नये. निबंधासोबतच्या पूरक माहितीत जाऊन त्यांनी नेमके किती प्रमाणावर आणि कोणत्या द्रावकात काम केले हे वाचावे.

सुरक्षिततेविषयी एकच गोष्ट सांगतो. डार्टमथ कॉलेजमधील कॅरन वेटरहान या विषारी धातूंच्या रसायनातील जाणकार संशोधक होत्या. ऑगस्ट १९९६ मध्ये फ्यूम हूडमध्ये (विषारी वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात), हातमोजे घालून, सर्व प्रचलित नियम पाळून काम करताना डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे काही थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या मोज्यावर पडले. तो पदार्थ अशा मोज्यातून काही सेकंदांत पार जातो, हे त्या वेळी फारसे माहीत नव्हते. लक्षणे काही महिन्यांनी दिसली आणि जून १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. म्हणून ‘मोजे घातले आहेत ना’ हा प्रश्न अपुरा आहे. या द्रव्यासाठी कोणत्या पदार्थाचे मोजे आणि ते किती वेळ टिकतात, हे बाटली उघडण्यापूर्वी सुरक्षा पत्रकात पाहावे. ज्या प्रयोगशाळेत या सवयीची थट्टा होते, तिथे प्रवेश मिळत असला तरी घेऊ नये, इतक्या स्पष्टपणे मी हे सांगेन.

संशोधन की नोकरी हे आत्ता ठरवण्याची गरज नाही, आणि ज्यांनी प्रवेशाआधीच ठरवले होते त्यांतील बऱ्याच जणांनी नंतर मत बदललेले मी पाहिले आहे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस मात्र स्वतःची परीक्षा घेता येते. प्रयोग सलग तीन-चार वेळा फसल्यावर तुम्ही काय करता ते पाहावे. कारण शोधण्याची ओढ वाढत असेल तर पीएचडीची वाट तुमच्यासाठी मोकळी आहे. तेच काम निश्चित उद्दिष्ट, निश्चित मुदत आणि निश्चित पद्धत मिळाल्यावर अधिक चांगले होत असेल, तर उद्योगातील गुणवत्ता नियंत्रण, प्रक्रिया विकास, नियामक कामकाज किंवा बौद्धिक संपदेचे क्षेत्र तुम्हाला मानवेल. ही दुसरी निवड पहिलीत नापास झालेल्यांसाठी असते, हा विद्यापीठांत पसरलेला समज मी दोन्हीकडे काम केल्यामुळे मनातून काढून टाकला आहे. उद्योगात प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर नेताना उष्णता बाहेर काढण्याचा जो प्रश्न येतो, तो शंभर मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये कधीच भेटत नाही, कारण पात्र मोठे होताना त्याचे घनफळ पृष्ठभागापेक्षा झपाट्याने वाढते आणि अभिक्रियेची उष्णता आतच कोंडते. हा प्रश्न सोडवणारी माणसे उत्तम रसायनशास्त्रज्ञ असतात.

तुमच्या बाबतीत माझा सल्ला असा: पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, लांब प्रबंध असलेला अभ्यासक्रम शोधावा, आणि शाखेचा रकाना भरण्याआधी अंतिम परीक्षेनंतरच्या सुट्टीत सहा ते आठ आठवडे एखाद्या संश्लेषण प्रयोगशाळेत बिनपगारी का होईना, पण पूर्णवेळ काम करून पाहावे. त्यासाठी प्राध्यापकांना पत्र लिहिताना ‘मला आपल्या संशोधनात रस आहे’ हे वाक्य पुरेसे नसते. त्यांचा एक अलीकडचा निबंध पूर्ण वाचून, त्यातील न समजलेली एक नेमकी गोष्ट विचारावी. अशा पत्रांना उत्तर मिळण्याची शक्यता बरीच अधिक असते, कारण ती फार कमी येतात. त्या आठ आठवड्यांत तुमच्या हातून एकही नवे संयुग झाले नाही तरी बिघडत नाही. सातव्या आठवड्यात सकाळी प्रयोगशाळेत जाताना पाऊल जड पडते की पडत नाही, हे ध्यानात ठेवावे आणि मगच तो रकाना भरावा.